बीएनएफ लिहून झालं, पुढे काय? छोट्या भाषेची औपचारिक व्याख्या लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: विमा योजनांचे नियम लिहिण्यासाठी आम्ही एक छोटी भाषा बनवली आहे. तिचं व्याकरण बीएनएफमध्ये, म्हणजे व्याकरणाचे नियम लिहिण्याच्या ठरलेल्या लिपीत आहे, पायथनमध्ये लिहिलेला इंटरप्रीटर आहे आणि काहीशे टेस्ट आहेत. आता दुसरी टीम याच भाषेसाठी जाव्हात कंपायलर लिहिणार आहे. अशा वेळी भाषेचं फॉर्मल सिमँटिक्स, म्हणजे प्रत्येक रचनेच्या अर्थाची काटेकोर व्याख्या, लिहावं का? लिहायचं तर डिनोटेशनल, ऑपरेशनल की ॲक्झिओमॅटिक? आणि साधन कोणतं वापरावं?

हो, लिहा, आणि जाव्हाची टीम फार पुढे जाण्याआधी लिहा. पद्धत ऑपरेशनल, म्हणजे प्रोग्राम कसा चालतो ते सांगणारी घ्या, तीही स्मॉल-स्टेप, एकेका पावलाने जाणारी. संपूर्ण भाषेची व्याख्या करत बसू नका, आतला छोटा गाभा निवडा. आणि ती व्याख्या कागदावर न ठेवता संगणकावर चालेल अशा रूपात ठेवा. उत्तर एवढंच आहे. या चार निर्णयांमागची कारणं आणि प्रत्यक्ष कष्ट कुठे पडतात ते पुढे सांगतो, कारण बहुतेक पुस्तकं नेमक्या त्या जागेवरून भराभर पुढे जातात.

आज तुमच्या भाषेची व्याख्या म्हणजे तुमचा पायथनचा इंटरप्रीटर. तुम्ही ठरवलं नसलं तरी पायथनने तुमच्या वतीने शेकडो निर्णय घेऊन टाकले आहेत. −७ ला २ ने पूर्णांकी भागलं तर पायथन −४ देतं, जाव्हा −३. बाकी काढली तर पायथन १ म्हणतं, जाव्हा −१. राऊंड केलेलं २.५ पायथन ३ मध्ये २ होतं, जाव्हाच्या मॅथ.राऊंडमध्ये ३. पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, जाव्हाचा इंट २,१४,७४,८३,६४७ नंतर गुपचूप ऋण होतो. पैशांसाठी डेसिमल हा दशांश आकड्यांचा प्रकार वापरत असाल तर आणखी गंमत आहे. पायथनमध्ये साध्या पूर्णांकांचा भागाकार खालच्या पूर्णांकाकडे झुकतो, पण डेसिमलचा तोच भागाकार शून्याकडे झुकतो, म्हणजे एकाच भाषेत −४ आणि −३ अशी दोन उत्तरं मिळतात. जाव्हाच्या तशाच बिगडेसिमलमध्ये राऊंडिंगची पद्धत न सांगता १ ला ३ ने भागलं तर उत्तरच येत नाही, एक्सेप्शन, म्हणजे त्रुटी येते. पायथनचं डेसिमल मात्र २८ अंकांपर्यंत भागून शांतपणे पुढे जातं. २.० आणि २.०० समान आहेत का? पायथनचं डेसिमल हो म्हणतं. बिगडेसिमलची इक्वल्स नाही म्हणते आणि कंपेअर-टू हो म्हणते.

या सगळ्यावर तुमचं बीएनएफ काहीच बोलत नाही, आणि बोलणं त्याचं कामही नाही. भागाकाराचं चिन्ह दोन पदावल्यांच्या मध्ये येतं, एवढंच ते सांगतं. टेस्टही फारसं काही सांगत नाहीत, कारण प्रीमियम ऋण असेल अशी टेस्ट कुणी लिहीत नाही. परतावा, समायोजन किंवा रद्द पॉलिसी आली की ऋण आकडा येतो आणि मग दोन यंत्रणा दोन रकमा दाखवतात.

ही अडचण भाषांच्या व्याख्येइतकीच जुनी आहे. जॉन बॅकसने १९५९ साली पॅरिसच्या परिषदेत बीएनएफची प्रसिद्ध लिपी मांडली. पीटर नाउरने ती सुधारून १९६० च्या, अल्गोल ६० या प्रोग्रामिंग भाषेच्या अहवालात वापरली आणि भाषेचं व्याकरण पहिल्यांदाच काटेकोर झालं. अर्थ मात्र इंग्रजी गद्यातच राहिला. ते गद्य उत्तम होतं, आजच्या बहुतेक मॅन्युअलपेक्षा कितीतरी चांगलं. तरीही १९६७ मध्ये डोनाल्ड कनूथला अल्गोल ६० मधल्या उरलेल्या संदिग्ध जागांची मोठी यादी छापावी लागली. त्यातली एक जागा तुमच्याही भाषेत नक्की सापडेल: बेरीज करताना डावी बाजू आधी काढायची की उजवी? उजवीकडच्या फंक्शनने डावीकडचं व्हेरिएबल बदललं तर उत्तर क्रमावर अवलंबून राहतं. जगातल्या हुशार माणसांनी एकत्र बसून, एकेक शब्द तोलून लिहिलेल्या गद्यातून हे निसटलं. गद्य लिहिताना एखादी बाब न सांगताही वाक्य पूर्ण होतं, म्हणून ते निसटतं.

मुंबई-पुण्यात मेनफ्रेमवरचं कोबोल दुसऱ्या भाषेत नेण्याचं काम अनेकांनी केलं आहे, त्यांना याचा दुसरा नमुना ठाऊक असेल. परफॉर्म विधानाने एका परिच्छेदापासून दुसऱ्यापर्यंतचा पट्टा चालवता येतो. असे दोन पट्टे एकमेकांवर चढले तर काय व्हावं, हे मानकाने मोकळं सोडलेलं आहे आणि वेगवेगळे कंपायलर वेगवेगळं वागतात. अशा प्रोग्रामचं भाषांतर करणाऱ्याला भाषेचा अर्थ मानकात शोधून सापडत नाही, त्या विशिष्ट कंपायलरच्या वागण्यातून तो खणून काढावा लागतो. तुमच्या जाव्हा टीमला पायथनचा कोड वाचून हेच करावं लागेल, आणि त्या कोडमध्ये कोणती गोष्ट मुद्दाम ठरवलेली आहे आणि कोणती अपघाताने घडली आहे हे तिला ओळखता येणार नाही.

आता पद्धतीकडे. १९६४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन इथे या विषयावर एक परिषद झाली आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या वाटा तिथून फुटलेल्या दिसतात. आयबीएमच्या व्हिएन्ना प्रयोगशाळेने पीएल/वन या अवाढव्य भाषेची ऑपरेशनल व्याख्या लिहिली. एक काल्पनिक यंत्र घ्यायचं, त्याची स्थिती म्हणजे एक मोठं झाड मानायचं आणि प्रत्येक विधानाने ते झाड कसं बदलतं ते सांगायचं. प्रकल्प धाडसी होता आणि त्यातून खूप शिकायला मिळालं, पण त्या झाडात सगळंच कोंबलं गेलं: व्हेरिएबल, मेमरी, उरलेलं काम, सगळं एकाच ठिकाणी. मग एखादी साधी गोष्ट सिद्ध करायची तरी आधी सगळ्या झाडाला हात घालावा लागे. त्याच प्रयोगशाळेतून पुढे सत्तरच्या दशकात व्हीडीएम ही व्याख्या लिहिण्याची पद्धत आली, तेव्हा लोक डिनोटेशनल वळणाकडे गेले होते. तुमच्यासाठी यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, नियम लिहिण्याआधी स्थितीत काय काय असेल ते ठरवा आणि ती शक्य तितकी बारीक ठेवा. विमा नियमांच्या भाषेत बहुधा एक अर्ज असतो, जो फक्त वाचायचा असतो, आणि मधल्या नावांना दिलेल्या किमती असतात. एवढ्यात भागत असेल तर तिसरं काही घालू नका.

ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्तोफर स्ट्रेची आणि डॅना स्कॉट यांनी १९७० च्या आसपास डिनोटेशनल पद्धत उभी केली. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याला एक गणिती वस्तू नेमून द्यायची, आणि मोठ्या तुकड्याचा अर्थ फक्त त्याच्या भागांच्या अर्थांवरून बांधायचा. लूप आणि रिकर्शनचा अर्थ लावण्यासाठी स्कॉटने डोमेन थिअरी घडवली. माझ्या मते आपल्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि 'भागांवरून पूर्णाचा अर्थ' ही शिस्त तुम्ही कोणतीही पद्धत घेतली तरी सोडू नये. पण तुमच्या जाव्हा टीमला ती वाचून कंपायलर लिहिता येणार नाही. रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) आणि टोनी होअर (१९६९) यांची ॲक्झिओमॅटिक पद्धत प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करणाऱ्यांची आहे. एखादी योजना वयाच्या ६० नंतर कधीच सवलत देत नाही, असं उद्या सिद्ध करायचं असेल तर तिच्याकडे जा. भाषा परिभाषित करण्याचं काम तिच्याकडून करून घेऊ नका.

उरली ऑपरेशनल. तिचं आजचं रूप गॉर्डन प्लॉटकिनने १९८१ मध्ये ऑऱ्हुस विद्यापीठातल्या व्याख्यानांच्या टिपणांत दिलं. त्यात काल्पनिक यंत्राची गरज पडत नाही. पदावलीच्या रचनेवरून नियम लिहायचे आणि प्रत्येक नियमाने गणनेचं एकच पाऊल सांगायचं. बेरजेचे नियम पाहा. प आणि फ या पदावल्या, म आणि न या काढून झालेल्या किमती, स म्हणजे स्थिती. रेषेच्या वरचं खरं असेल तर खालचं पाऊल टाकता येतं:

⟨प, स⟩ → ⟨प′, स′⟩
——————————
⟨प + फ, स⟩ → ⟨प′ + फ, स′⟩

⟨फ, स⟩ → ⟨फ′, स′⟩
——————————
⟨म + फ, स⟩ → ⟨म + फ′, स′⟩

म आणि न यांची बेरीज ब असेल, तर
⟨म + न, स⟩ → ⟨ब, स⟩

दुसऱ्या नियमात डावीकडे प नाही, म आहे. म्हणजे डावी बाजू पूर्ण किंमत होईपर्यंत उजवीकडे हातच लावता येत नाही. त्या एका अक्षराने डावीकडून उजवीकडे हा क्रम ठरला. तिथे प लिहिला तर कोणत्याही बाजूने, आलटून-पालटूनसुद्धा, पावलं टाकता येतात आणि भाषेत मोकळीक येते. दोन्ही निवडी वैध आहेत. अल्गोलच्या गद्यात जे निसटलं ते इथे निसटू शकत नाही, कारण अक्षर लिहिल्याशिवाय नियम पुरा होत नाही. ही पद्धत घ्या म्हणण्याचं माझं मुख्य कारण हेच आहे. सिद्धता, प्रमेयं सगळं नंतर. आधी ती तुम्हाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला भाग पाडते.

दुसरा फायदा न लिहिलेल्या नियमांतून मिळतो. ५ + "दहा" याला वरचा एकही नियम लागू होत नाही. प्रोग्राम तिथे अडकतो: तो किंमतही नाही आणि त्याला पुढचं पाऊलही नाही. तुमच्या व्याख्येत अशा अडकणाऱ्या जागा शोधा आणि प्रत्येकीचा निकाल लावा. एकतर टाइप तपासणीने (किंमत आकडा की मजकूर, हे चालवण्याआधीच पाहून) असा प्रोग्राम नाकारा, नाहीतर त्रुटी देणारा नियम लिहा. तिसरा रस्ता सी भाषेचा आहे, 'याचा अर्थ ठरवलेला नाही' असं जाहीर करण्याचा. पैशांच्या भाषेत तो रस्ता नको. टाइप तपासणी आणि ही पावलं यांचा मेळ दाखवण्याची सर्वमान्य रीत अँड्र्यू राइट आणि मॅथायस फेलायझन यांच्या १९९४ च्या निबंधातून आली: टाइप बरोबर असलेला प्रोग्राम एकतर किंमत असतो किंवा पाऊल टाकू शकतो, आणि पाऊल टाकल्यावरही त्याचा टाइप टिकतो. तुमच्या आकाराच्या भाषेसाठी ही सिद्धता कागदावरसुद्धा काही दिवसांत होते.

आता तुमच्याच भाषेतली अवघड जागा घेऊ. अर्जातला एखादा रकाना रिकामा असतो, त्याला 'अभाव' म्हणू. मग 'अभाव किंवा खरे' याची किंमत काय? आणि 'अभाव किंवा खोटे' याची? पायथनमध्ये नन ऑर फॉल्स, म्हणजे 'अभाव किंवा खोटे', केलं तर फॉल्स मिळतं, आणि बाजू उलटून फॉल्स ऑर नन केलं तर नन. जाव्हात नल असलेला बूलियन 'किंवा'च्या डावीकडे ठेवला तर नल पॉइंटर एक्सेप्शन येतं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत पहिल्याचं उत्तर खरे आणि दुसऱ्याचं अभाव, आणि बाजू बदलल्या तरी तेच. म्हणजे तीन परिसर आणि तीन अर्थ, त्यातले पहिले दोन बाजू बदलली की उत्तरही बदलू शकणारे.

मोह असा होतो की एसक्यूएलचं कोष्टक सममित आहे, तेच घ्यावं. पण तुमच्या नियम लिहिणाऱ्यांनी असंही लिहिलेलं असणार: 'वारस_संख्या = ० किंवा रक्कम / वारस_संख्या > ५०,०००'. इथे डावी बाजू खरी निघाली की उजवी काढायचीच नाही, या भरवशावर ते विसंबून आहेत. एसक्यूएल या क्रमाची हमी देत नाही. म्हणून दोन्हींचा मेळ घालणारे नियम लिहावे लागतील:

खरे किंवा फ → खरे
खोटे किंवा फ → फ
अभाव किंवा खरे → खरे
अभाव किंवा खोटे → अभाव
अभाव किंवा अभाव → अभाव

पहिल्या दोन नियमांत उजवीकडे फ आहे, म्हणजे ती बाजू अजून काढलेली नाही. शेवटच्या तीनमध्ये ती किंमत व्हावी लागते, म्हणून डावीकडे अभाव आला तरच उजवीकडे पावलं टाकू देणारा आणखी एक नियम हवा. तो विसरलात तर 'अभाव किंवा वय > ६०' तिथेच अडकेल आणि पहिल्याच चाचणीत दिसेल. आता हे पाच नियम घेऊन विम्याच्या व्यवसायातल्या माणसांसमोर बसा. नियमांची लिपी त्यांना वाचता आली नाही तरी हरकत नाही, ही पाच उदाहरणं त्यांना बरोबर कळतात. रिकाम्या रकान्यामुळे सवलत मिळावी की अर्ज परत जावा, हा निर्णय त्यांचाच आहे.

एसक्यूएलचाच विषय निघाला आहे तर सांगतो. पाओलो ग्वाल्यार्दो आणि लिओनिद लिब्किन यांनी २०१७ मध्ये एसक्यूएलच्या मूळ गाभ्याचं फॉर्मल सिमँटिक्स प्रसिद्ध केलं. त्यांनी ते नुसतं लिहून ठेवलं नाही. यादृच्छिक क्वेरी तयार करून आपल्या व्याख्येची उत्तरं पोस्टग्रेस आणि ओरॅकल या डेटाबेसच्या उत्तरांशी ताडून पाहिली. तुमच्या प्रकल्पाला याहून जवळचा आदर्श मला माहीत नाही.

स्मॉल-स्टेपच का, बिग-स्टेप का नको, हा प्रश्न तुम्ही विचाराल. पदावलीवरून थेट अंतिम किमतीवर उडी मारणारी बिग-स्टेप पद्धत जील कानने १९८७ मध्ये नॅचरल सिमँटिक्स या नावाने मांडली, आणि स्टँडर्ड एमएल या भाषेची १९९० ची व्याख्या त्याच घाटाची आहे. तुमच्या भाषेत लूप नसतील तर ती चालेलही, दिसायला इंटरप्रीटरसारखीच असते. त्रास त्रुटींचा होतो. बेरजेचा एक नियम, मग डावीकडे त्रुटी आली तर दुसरा, उजवीकडे आली तर तिसरा, असं प्रत्येक रचनेसाठी करावं लागतं. एमएलच्या व्याख्येत ही पुनरुक्ती टाळण्यासाठी स्थिती आणि एक्सेप्शन यांबद्दल दोन वेगळे संकेत ठरवून घ्यावे लागले: नियमात लिहिलं नसलं तरी ते आहे असं समजायचं. फेलायझन आणि रॉबर्ट हीब यांची चौकटींची युक्ती जास्त स्वच्छ आहे. 'पुढचं पाऊल कुठे पडेल' ती जागा रिकामी ठेवून उरलेली पदावली म्हणजे चौकट च:

च ::= [ ] | च + फ | म + च | च किंवा फ | अभाव किंवा च

मग डावी-उजवीकडे जाण्याचे सगळे नियम या एका ओळीत मावतात, 'अभाव'साठी वर मागितलेला जास्तीचा नियमसुद्धा. आणि त्रुटीसाठी च[त्रुटी] → त्रुटी हा एकच नियम पुरतो. मी तुमच्या जागी असतो तर हीच लिपी घेतली असती.

तरीही नियम लिहिणं हे कामाचा छोटा भाग आहे. छोट्या भाषेचे नियम तीस-चाळीस असतात आणि ते आठवड्याभरात होतात. वादाचं घर असतं मूळ क्रियांच्या कोष्टकात. वर मी 'म आणि न यांची बेरीज ब असेल' असं सहज लिहून गेलो. कोणती बेरीज? डेसिमलची असेल तर किती अंकांची, कोणत्या राऊंडिंगने, आणि राऊंडिंग प्रत्येक पावलाला की फक्त शेवटी? तारखांचं तर विचारूच नका. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर जाव्हाची लोकलडेट फेब्रुवारीची शेवटची तारीख देते, पायथनच्या मूळ डेटटाइममध्ये महिने मिळवण्याची सोयच नाही, म्हणजे तुमच्या इंटरप्रीटरमध्ये ते कुणीतरी हाताने लिहिलेलं आहे. वय काढताना मागचा वाढदिवस धरायचा की जवळचा? विम्यात दोन्ही रीती चालतात. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचा वाढदिवस साध्या वर्षी कधी? प्रत्येक मूळ क्रियेसाठी तिचे स्वीकारलेले टाइप, उत्तर, त्रुटी कधी, अभाव आला तर काय, आणि सीमेवरची उदाहरणं लिहा. या कोष्टकाला तुमच्या एकूण वेळेतला निम्म्याहून अधिक वेळ द्या. मोठ्या भाषाही या कामातून सुटलेल्या नाहीत. सर्वांत लहान ३२-बिट पूर्णांकाला −१ ने भागण्याचं घ्या: सी मध्ये अर्थ ठरवलेला नाही, जाव्हात तोच ऋण आकडा परत मिळतो, वेबअसेंब्ली या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत प्रोग्राम थांबवला जातो. तिन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले आणि लिहिलेले आहेत, म्हणून त्यांच्यावर कंपायलर बांधता येतात.

गाभ्याबद्दल थोडंच. तुमच्या भाषेत 'यांपैकी एक', 'दरम्यान', 'अन्यथा-जर' असं बरंच साखरलेपन, म्हणजे केवळ लिहिणं सोपं करणाऱ्या रचना, असणार. त्याला स्वतंत्र नियम देऊ नका, गाभ्यातल्या रचनांत त्याचं भाषांतर लिहा. हॅस्केल या भाषेच्या अहवालात बहुतेक रचना अशाच एका गाभ्यात उलगडून दिल्या आहेत. जाव्हास्क्रिप्टसारख्या अस्ताव्यस्त भाषेसाठीही अर्जुन गुहा, क्लॉडिऊ साफ्तोयू आणि श्रीराम कृष्णमूर्ती यांनी २०१० मध्ये हाच मार्ग चालवून दाखवला. खबरदारी एकच: उलगडताना एखादी पदावली दोनदा आली आणि ती त्रुटी देणारी असली, तर त्रुटीचा संदेश कुठल्या ओळीचा दाखवायचा हेही भाषांतरातच ठरवा.

साधन. तुमच्या कामासाठी मी रॅकेट या भाषेवरचं रेडेक्स हे साधन सुचवेन. वरची चौकटीची लिपी त्यात जवळजवळ जशीच्या तशी लिहिता येते, पावलं चित्रासारखी पाहता येतात आणि यादृच्छिक चाचण्या करता येतात. स्कीम या भाषेच्या २००७ च्या अहवालाला जोडलेलं ऑपरेशनल सिमँटिक्स अशाच प्रकारे रेडेक्समध्ये घडलं. चालवून पाहण्याचं महत्त्व किती, हे रेडेक्सच्याच मंडळींनी २०१२ मध्ये दाखवलं: फंक्शनल प्रोग्रामिंगच्या २००९ च्या मोठ्या परिषदेतले नऊ निबंध त्यांनी रेडेक्समध्ये उतरवले आणि नऊच्या नऊ निबंधांत चुका सापडल्या. हे निबंध तज्ज्ञांनी लिहिलेले आणि तज्ज्ञांनी तपासलेले होते.

ग्रिगोरे रोशू यांचं के फ्रेमवर्क जास्त ताकदीचं आहे. एका व्याख्येतून पार्सर, इंटरप्रीटर आणि प्रोग्राम पडताळणारं साधन असं सगळं मिळतं. चकी एलिसन आणि रोशू यांची सी भाषेची व्याख्या (२०१२) जीसीसी या कंपायलरच्या टॉर्चर टेस्टमधल्या ९९.२ टक्के टेस्ट पार करत होती. पण शिकायला वेळ लागतो, आणि तुमच्या भाषेचा आकार पाहता तो वेळ मूळ क्रियांच्या कोष्टकावर खर्च झालेला बरा. कॉक (आता रॉक), इझाबेल, लीन ही सिद्धतेची साधनं आहेत. कंपायलर बरोबर आहे हेच सिद्ध करायचं असेल तर ती लागतात, जसं ग्झाव्हिए लरुआ यांच्या कॉम्पसर्ट या सी कंपायलरमध्ये केलं आहे. आत्ता तिकडे जाऊ नका. टीममध्ये रॅकेट कुणालाच नको असेल तर पायथनमध्येच नियमागणिक एक फंक्शन असा संथ, सरळ, कोणतंही ऑप्टिमायझेशन नसलेला वेगळा इंटरप्रीटर लिहा. मात्र त्यात पायथनची बेरीज, भागाकार किंवा 'ऑर' थेट वापरायचा नाही. प्रत्येक मूळ क्रिया कोष्टकावरून स्वतः लिहायची.

हे सगळं विद्यापीठातलं आहे, कंपन्यांत चालत नाही, असं कुणी म्हणालं तर त्यांना वेबअसेंब्ली दाखवा. प्रमुख ब्राउझर बनवणाऱ्यांनी मिळून ती भाषा घडवली आणि २०१७ च्या पहिल्या निबंधातच स्मॉल-स्टेप नियम आणि टाइप नियम दिले. डिसेंबर २०१९ मध्ये ती वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली, त्या मानकातही गद्याच्या बरोबरीने तेच नियम छापलेले आहेत. कॉनराड वॉटने ते नियम इझाबेलमध्ये उतरवले तेव्हा मसुद्यात काही दोष सापडले आणि मानक पक्कं होण्याआधी ते दुरुस्त झाले. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते असं की व्याख्येने भाषेच्या रचनेलाच वळण लावलं. मनमानी उड्या नाहीत, नीट बंदिस्त ब्लॉक आहेत, त्यामुळे टाइप तपासणी एकाच फेरीत होते. जिथे अनिश्चितता मुद्दाम ठेवली आहे, उदाहरणार्थ नॅनचे ('आकडा नाही' या किमतीचे) बिट किंवा मेमरी वाढवण्याची विनंती नाकारली जाणं, तिथे ती नियमातच स्पष्ट दिसते.

पण वेबअसेंब्लीतही नियम आणि गद्य दोन्ही हाताने लिहिलेले होते, आणि दोन प्रती म्हटल्या की त्या एकमेकींपासून सरकणार. त्यावर स्पेकटेक नावाची खास लिपी तयार झाली: व्याख्या एकदाच लिहायची, आणि तिच्यातून छापील नियम, गद्य, चालणारा इंटरप्रीटर आणि सिद्धतेच्या साधनांसाठीची व्याख्या काढायची. २०२५ मध्ये वेबअसेंब्लीच्या गटाने मानक लिहिण्यासाठी ती स्वीकारली. जाव्हास्क्रिप्टने दुसऱ्या टोकाकडून हेच केलं. तिथलं मानक क्रमवार इंग्रजी पायऱ्यांत लिहिलेलं असतं, आणि दक्षिण कोरियातल्या काइस्टमध्ये घडलेलं ईएसमेटा हे साधन त्या पायऱ्या यंत्राने वाचून तपासतं. २०२२ पासून मानकातल्या प्रत्येक बदलावर ही तपासणी चालते. तुमच्या टीमला गणिती लिपीचा फारच कंटाळा असेल तर हा मधला मार्गही प्रतिष्ठित आहे. पायऱ्या काटेकोर आणि यंत्राला वाचता येतील अशा असल्या की झालं.

व्याख्या चालू लागली की तुमच्याच बीएनएफवरून छोटे-छोटे यादृच्छिक प्रोग्राम आणि अर्ज तयार करा, रकाने मुद्दाम रिकामे सोडा, आकडे ऋण आणि सीमेवरचे घ्या, तारखा महिनाअखेरच्या घ्या. प्रत्येक प्रोग्राम व्याख्येवर, पायथनवर आणि जाव्हावर चालवा. तिन्ही उत्तरं, त्रुटींसकट, जुळली पाहिजेत. फरक निघाला की प्रोग्राम आपोआप लहान करत न्या, बहुधा तो एका ओळीवर येतो. सुरुवातीला बहुतेक फरक पायथन आणि व्याख्या यांच्यातच निघतील, कारण पायथनने तुमच्या वतीने घेतलेले निर्णय तेव्हा पहिल्यांदा उजेडात येत असतील.

व्याख्या वेगळं म्हणते म्हणून तीच बरोबर असं तेव्हा मानू नका. कित्येक पॉलिसी आज पायथनच्या वागण्यावर चालू आहेत, आणि विकलेल्या पॉलिसीची रक्कम बदलता येत नाही. प्रत्येक फरकासाठी भाषा राखणाऱ्यांनी आणि व्यवसायातल्या माणसांनी मिळून ठरवायचं: नियम बदलायचा, की पायथन दुरुस्त करायचं, की भाषेची नवी आवृत्ती काढून जुन्या पॉलिसी जुन्या अर्थावर ठेवायच्या. निर्णय, कारण आणि तो एका ओळीचा प्रोग्राम व्याख्येच्या फाइलमध्ये त्या नियमाशेजारी लिहा. ती फाइल दोन्ही टीमच्या कोडबरोबर एकाच रिपॉझिटरीत ठेवा, आणि व्याख्येत बदल केल्याशिवाय भाषेच्या वागण्यातला कोणताही बदल मर्ज होऊ देऊ नका.